घरच्या बाईची रेघ

उचगावचा रवळू पेंटर माणसं तोंडावरून ओळखत नाही, नंबरावरून ओळखतो. लग्नाच्या पंगतीत कोणी येऊन राम राम घातला की हा आपला घास हातात धरून बघतच राहतो. समोरचा अवघडतो, आपण चुकून भलत्याच पंगतीत तर नाही ना आलो असं त्याला वाटायला लागतं. मग एकदम रवळूच्या डोक्यात उजेड पडतो. "आरं, तू त्रेपन्न अठरा न्हवं? तांबडी लुना!" लुना केव्हाच भंगारात गेलेली असते, त्या माणसाला टक्कल पडलेलं असतं, पोरं कॉलेजात असतात. पण रवळूच्या लेखी तो अजून त्रेपन्न अठराच.

बेळगावात आरटीओच्या वाटेवर त्याची पत्र्याची टपरी आहे. गाड्यांच्या नंबराच्या पाट्या लिहिणं हा त्याचा जन्माचा धंदा. मिसरूड फुटायच्या आधी तो एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली लागला, तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी एमवायनं सुरू होणारे जुने नंबर मिरवत खटारे रस्त्यावरून फिरत होते. राज्य बदललं म्हणून गाडी थोडीच बदलते! पुढं नवी पद्धत आली, सगळ्या देशाला दोन-दोन अक्षरं वाटली गेली आणि बेळगाव केए बावीस झालं. चिकोडी-निपाणीकडं केए तेवीस आणि दूधगंगेपलीकडं कोल्हापूरचं एमएच नऊ. रवळू म्हणतो, आपल्या भागाचा नकाशा शाळेतल्या मास्तरांनी शिकवला नाही, तो मला पाट्यांनी शिकवला.

त्यावेळी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षर पांढरं असायचं. मग एक दिवस वरून हुकूम सुटला की आता उलटं करा, पाटी पांढरी आणि अक्षर काळं. एवढ्या एका हुकमानं अर्धा जिल्हा रवळूच्या टपरीपुढं रांगेत उभा राहिला. सरकारनं काय साधलं ते सरकारला माहीत, पण शालूबाईला, म्हणजे रवळूच्या बायकोला, त्याच वर्षी नवीन भांडी आली आणि घरावर कौलाच्या जागी पत्रा आला. तेवढ्यापुरतं सरकार शहाणं होतं असं आपणही म्हणायला हरकत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाला मराठी आकडे पाहिजेत, एकाला कानडी. पिरनवाडीचा एक पठ्ठ्या तर पुढं मराठी आणि मागं कानडी लिहून घेऊन गेला. म्हणजे त्याच्या मते दोन्हीकडचे लोक खूश. कायद्याला इंग्रजी पाहिजे होतं. चौकातल्या पोलिसाला दोन्ही भाषा वाचता येत होत्या, म्हणून त्यानं दोन्ही पाट्यांचा दंड घेतला. मग एकचाळीस-एकचाळीस नंबरवाले यायचे, त्यांना तो आकडा वळवून 'दादा' असा दिसायला पाहिजे. रवळू अशांना सरळ हाकलायचा. "दादा हैस तर कपाळावर ल्ही की गा. पाटी कशाला बाटवतोस?" त्याचं म्हणणं एकच. आकडा आकड्यासारखा दिसावा, तिनाचा आठ वाटू नये, दोन आकड्यांत बोटभर श्वास घ्यायला जागा असावी. कोणी धडक देऊन पळाला तर शाळकरी पोरालाही तो नंबर लांबून वाचता आला पाहिजे.

पण लोक रवळूकडं यायचे ते अक्षरासाठी कमी आणि रेघेसाठी जास्त.

ही रेघेची रीत त्याच्या म्हाताऱ्या गुरूनं पाडलेली. नव्या गाडीचा नंबर लिहिताना शेवटच्या आकड्याची एक रेघ सोडून द्यायची. गाडी घरी न्यायची, गावच्या मळेकरणी देवीला नारळ फोडायचा आणि मग घरातल्या मोठ्या बाईनं ब्रश धरून ती रेघ पुरी करायची. तोपर्यंत गाडी शोरूमची, रेघ ओढली की घरची. त्यासाठी रवळू रंगाची डबी आणि ब्रश घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायचा. बायका आधी लाजायच्या. "आगं बाई, माझ्या हातानं बिघडंल," म्हणायच्या, मग पदर खोचून अशा काही गंभीर चेहऱ्यानं बसायच्या की जणू खरेदीपत्रावर सही करायची आहे. रेघ वेडीवाकडी झाली की रवळू चिंधीच्या टोकानं हळूच कड सरळ करून द्यायचा, आणि बाईला वाटायचं, आपणच सरळ ओढली. उचगावात, आजूबाजूच्या वाड्यांत अशा किती बायकांनी त्याचा ब्रश धरला असेल, त्याची गणती नाही.

एका बाईनं मात्र तो कधीच धरला नव्हता. ती त्याच्या घरातच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. रवळूच्या दारात कधी गाडीच आली नाही. तो रोज लाल बसनं बेळगावला जायचा आणि लाल बसनं परत यायचा.

घरी विचारलं की म्हणायचा, पैसे न्हाईत. ते खोटं होतं. खरं कारण यल्लाप्पा होता.

यल्लाप्पा त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एका बाकावर बसले, एका विहिरीत पोहायला शिकले. त्यानं मोटरसायकल घेतली तेव्हा नंबर अर्थातच रवळूनं लिहिला आणि रेघ ओढली यल्लाप्पाच्या आईनं, मालुबाईनं. त्या दिवशी तिनं रवळूच्या हातावर साखर ठेवली होती. पावसाळा सरला आणि कोणीतरी ती पाटी टपरीवर आणून टाकली, सरळ करून पुन्हा लिहून द्या म्हणून. आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं ती कोणाची. पाटी मधोमध दुमडली होती. रवळूनं ती उलगडली, आपलंच अक्षर वाचलं, शेवटच्या आकड्यातली मालुबाईची रेघ बघितली, आणि त्याला कळलं, यल्लाप्पा अपघातात गेला. गावात बातमी पोचायच्या आधी ती त्याच्यापर्यंत पोचली होती.

त्या दिवशी त्यानं टपरी दुपारीच बंद केली. घरी आला, जेवला नाही. मालुबाई पुढं बाजारात दिसली की हा दुसऱ्या गल्लीनं जायचा. एकदा ती समोर आलीच. "बरा हैस न्हवं रवळू?" एवढंच म्हणाली. याला मान वर करता आली नाही. आपण लिहिलं आणि तिनं पुरं केलं, म्हणजे पोराच्या मरणाला तिचाच हात आपण लावला, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. माणसाचं डोकं असंच असतं. आकडे सरळ लिहिणाऱ्याचंही हिशेबानं सरळ चालत नाही. त्यानं मनाशी ठरवलं, आपल्या दारात गाडी नको, शालीच्या हातात ब्रश नको. हे तो कोणाला बोलला नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण ती घाबरंल.

मग सरकारी पाटी आली. ॲल्युमिनियमची, आकडे ठोकून वर उठवलेले, कोपऱ्यात चमकणारं चक्र, बाजूला बारीक निळी अक्षरं, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघणार नाही असं कुलूप. नव्या गाडीला ती शोरूममध्येच बसते. जुन्यांनाही बसवून घ्या म्हणून हुकूम. लोक म्हणाले, रवळू आता रडणार. रवळू रडला नाही. त्यानं एका गाडीपुढं उकिडवं बसून पाटीवरून अंगठा फिरवला. "काम चांगलं केलंय," म्हणाला. "ह्यो आठ आन् त्यो आठ, एकसारखं हाईत. मला जमलं नसतं."

टपरी बंद पडली नाही. ट्रकांच्या अंगावर, ट्रॉलीच्या फळीवर नंबर अजून रंगानंच लिहावे लागतात; दुकानांचे बोर्ड असतात. फक्त रेघ बंद झाली. संध्याकाळी घरी येऊन त्यानं शालूबाईला सांगितलं, "आता ती रेघ-बिघ संपली बग." ती तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं दुसरी थापायला घेतली. आणि खरं सांगायचं तर रवळूला त्या रात्री शांत झोप लागली. जी गोष्ट आपण इतकी वर्षं टाळत होतो ती आता सरकारनंच बंद केली. आपल्याकडं कोणी बोट दाखवायला नको.

पण पोरं आईबापांच्या सोयीनं मोठी होत नाहीत.

रचना त्यांची एकुलती एक लेक. निपाणीत खोली घेऊन राहते, आरोग्य खात्यात नोकरी करते. सदलग्याच्या बाजूच्या खेड्यांत लसीकरणाला फिरायचं म्हणजे बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. तिनं बापाला स्कूटरचं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. निपाणीहून कोल्हापूर जवळ, पाहिजे तो निळा रंगही तिथंच मिळाला, म्हणून सरळ जाऊन स्कूटर घेतली. दुसऱ्या राज्यातून घेतलेली गाडी, चिकोडीला नोंद होऊन केए तेवीसची पक्की पाटी मिळेपर्यंत तात्पुरत्या नंबरावर चालणार. आणि रविवारी सकाळी ती हायवेनं थेट उचगावात दारासमोर येऊन थांबली. हॉर्न वाजवला. शेजारची अक्काताई आधी बाहेर आली, मग शालूबाई, आणि सगळ्यांच्या मागून रवळू.

"एकलीच आलीस? हायवेनं?"

"व्हय की आप्पा. हळूच आले."

रवळू गाडीकडं न बघता मागच्या परसात निघून गेला. तिथं त्याला काही काम नव्हतं. त्यानं एक रिकामा डबा उचलला आणि दुसऱ्या जागी ठेवला.

शालूबाईनं आरतीचं ताट आणलं. हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ ओवाळला. मग पाण्याचा तांब्या घेऊन गाडीभोवती फिरली आणि पुढं थोडं, मागं मात्र चांगलं भरपूर पाणी ओतलं. रचना ओरडली तोपर्यंत तांब्या रिकामा झाला होता.

"आई! नंबर!"

शोरूमवाल्यानं तात्पुरता नंबर कागदावर छापून चिकटवला होता. कागद भिजून लोंबायला लागला आणि छापाची शाई आकड्यांतून खाली ओघळली. बघता बघता नंबराचा नुसता तांबडा चिखल झाला.

"आता गं?" शालूबाई म्हणाली, आणि तांब्या पालथा करून बघितला, जणू चूक तांब्याची.

रचनानं कपाळाला हात लावला. सोमवारी सकाळी लसीकरण होतं. शोरूम रविवारी बंद. बिननंबराची गाडी घेऊन हायवेला लागायची सोय नाही. नंबर तिच्या कागदपत्रांत होता. पाहिजे होती ती फक्त पाटी. आणि पाटी लिहिणारा परसात डबे हलवत होता.

ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. "आप्पा, तेवढा ल्हून द्या की."

"बसनं जा."

"आप्पा, उद्या बायका पोरं घिऊन येतील वो. मी न्हाय गेले तर तशीच परत जातील."

रवळूनं हातातला डबा खाली ठेवला. लेक रडली असती तर कदाचित तो अडून बसला असता. पण ती रडत नव्हती, ती कामाचं बोलत होती. त्यानं पत्र्याचा तुकडा शोधला, कडा घासल्या, पिवळा रंग लावला आणि उन्हात ठेवला. तात्पुरत्या नंबराला पिवळ्यावर तांबडं, एवढं त्याला झोपेतही पाठ होतं. दुपारपर्यंत पत्रा वाळला. तो पडवीत पाट टाकून बसला. पट्टीनं दोन फिकट रेषा मारल्या आणि लिहायला लागला.

हात जुना होता, पण पक्का होता. एकेक अक्षर उभं राहत गेलं, जाड, सरळ, बोटभर श्वासाची जागा सोडून. रचना शेजारी बसून बघत होती. लहानपणी ती अशीच बसायची. शालूबाई खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक हातात धरून.

या नंबराच्या शेवटी आकडा नव्हता, अक्षर होतं; त्याची एक रेघ उरली आणि रवळूचा ब्रश थांबला.

थांबला तो सवयीनं. इतक्या वर्षांत नव्या गाडीची ती रेघ त्याच्या हातानं कधी ओढलीच नव्हती. त्यानं वर बघितलं नाही. आता ओढावी आणि मोकळं व्हावं, सरकारनं बंद केलेली रीत आपण कशाला उकरायची, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"मी मुद्दाम वतलं पाणी," शालूबाई म्हणाली.

रचना वळून बघायला लागली.

"कागद भिजतोय एवढं मला कळत न्हाय व्हय? कागद फाडला असता तर तुमी भांडला असता. म्हणून वतलं." ती खांब सोडून पुढं आली. "आख्ख्या गावच्या बायकांनी तुमचा ब्रश धरला. ह्या अक्काताईनं तीनदा. मी दारात हुबी ऱ्हाऊन बगितलं. कवा तोंडानं मागितलं न्हाय."

रवळू पाटीकडंच बघत होता. "मालुबाईनं पन धरलता," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे नाव त्या घरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं.

"ठाव हाय मला. तवापासनं तुमी तिच्या गल्लीनं जात न्हाय, ते बी ठाव हाय. मी जाते. दर बाजाराला भेटते. दर खेपेला इचारते ती, तुज्या दारात गाडी कवा येनार गं, म्हून. तिनं कवा तुमाला दोष दिला न्हाय. तुमीच घेतला आन् उरावर घिऊन बसला."

"तुला भ्या वाटू नये म्हून मी गप ऱ्हायलो," रवळू म्हणाला.

"मला?" शालूबाई खाली बसली, त्याच्या अगदी समोर. रागावलेली दिसत नव्हती. "मला कवाच भ्या वाटलं न्हाय वो. भ्या तुमाला वाटत हुतं. ते मी संभाळलं इतकी वर्सं."

रवळूला आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखं झालं. ज्या गोष्टीपासून आपण हिला वाचवतोय असा त्याला अभिमान होता, ती गोष्ट हिनंच त्याच्यासाठी उचलून धरली होती, रोजच्या भाकरीसोबत, एक शब्द न बोलता. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली खूप बरंही वाटलं.

त्यानं ब्रशाचं टोक डबीच्या काठाला पुसलं आणि मूठ तिच्याकडं करून ब्रश पुढं केला.

शालूबाईनं तो धरला. दुसऱ्या बायकांसारखी लाजली नाही, बिघडंल म्हणाली नाही. ओठ दाताखाली धरून तिनं रेघ ओढली. ती जाड झाली, मध्येच डगमगली आणि खाली जरा जास्तच लांबली. रवळूचा हात आपोआप चिंधीकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

त्यानं चिंधी खाली ठेवली.

रंग वाळल्यावर रचनानं पाटी बसवली. आई पदर खोचून मागं बसली, दोघी मळेकरणीकडं गेल्या. अक्काताईनं कंपाउंडावरून ओरडून विचारलं, "शालूबाई कुटं निघाली गं?" तर शालूबाईनं चालत्या गाडीवरून ऐटीत उत्तर दिलं, ते कोणाला ऐकू आलं नाही.

रवळू दारात उभा राहिला. गाडी वळणाआड गेली तशी भीती परत आली. ती कुठं गेलीच नव्हती. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. अर्ध्या तासात दोघी परतल्या. शालूबाई उतरली, केस सारखे केले, नारळाचं भकलं त्याच्या हातावर ठेवलं आणि सीटकडं बोट दाखवून म्हणाली, "बसा आता तुमी."

"मी कशाला?"

"बसा म्हनते न्हवं."

रवळू बसला. लेकीचा खांदा धरावा की मागची दांडी, ते त्याला कळेना. शेवटी खांदाच धरला, घट्ट.

"बसला न्हवं आप्पा? जाऊ?"

आजवर त्याला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पैसे नाहीत, वेळ नाही, पाठ दुखते. त्यानं एकदा दारातल्या बायकोकडं बघितलं.

"हळू चालीव गं," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."